श्वास सोडल्यावरचा चेहरा

ईरा आणि निहार,

ईराचा मेसेज वाचला. बाबा वाढदिवसाला मोठा कॅमेरा घेऊन देत नाही, चांगला कॅमेरा नसेल तर फोटो शिकण्यात अर्थ नाही, तेव्हा आजी, तू बाबाला सांग. मी बाबाला काही सांगणार नाही. त्याऐवजी मला ज्यांनी फोटो काढायला शिकवलं त्या बाईंबद्दल लिहितेय. त्यांनी जन्मात एकच मोठा कॅमेरा हाताळला. तो खोलीएवढा होता आणि त्यात कोणाचाही चेहरा येत नसे.

निहार, या पत्रात एक गोष्ट तुझ्याविषयी आहे. लिहावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. तू आता दहा वर्षांचा झालास, म्हणून लिहितेय.

आजोबांना झटका आला तेव्हा तू चार वर्षांचा होतास. ते हॉस्पिटलातून घरी आले, हात हळूहळू सुधारला, पण तोंडाची डावी बाजू उतरली ती उतरलीच. पहिल्या रविवारी आपण व्हिडिओ कॉल लावला. तुला वाटलं आजोबा गंमत करतायत. तूही तसंच तोंड वाकडं केलंस आणि खूप हसलास. त्यात तुझी काही चूक नव्हती. त्याआधी ते तुझ्यासमोर अशीच तोंडं करत. पण त्यानंतर ते कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. कॉल लागला की आतल्या खोलीत जायचे आणि तिथून बोलायचे. तुम्हा दोघांसाठी आजोबा म्हणजे दाराआडचा आवाज झाले. तुमच्या बाबाने समजावलं, मी समजावलं. त्यांचं एकच उत्तर होतं, पोरांना जुना चेहरा आठवू दे. चार वर्षांच्या मुलाला कुठला जुना चेहरा आठवणार, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

मला फार काही नको होतं. त्यांचा असा एक फोटो हवा होता, जो ते स्वतः बघतील आणि तुम्हाला पाठवू देतील.

बाई आमच्याच इमारतीत, सिल्व्हर पार्कमध्ये, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या मराठवाड्यातल्या. नोकरी सगळी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात, एक्स-रे काढण्याची. निवृत्त झाल्यावर मीरा रोडला आल्या. इमारतीत सगळे त्यांना तोंडावर ‘एक्स-रे आंटी’ म्हणत आणि त्या ओ देत. उंच, काटकुळ्या, सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बोलता बोलता त्यांचा हात छातीकडे जायचा आणि पदराच्या पिनेजवळ काहीतरी चाचपायचा. तिथे नोकरीभर एक बिल्ला लावलेला असे, अंगात किती किरणं गेली ते मोजणारा. बिल्ला परत करून बरीच वर्षं झाली होती. हाताला अजून ते ठाऊक नव्हतं.

त्यांचा फोन दुकानातला सर्वांत साधा, त्यात कोपऱ्यातून तडकलेला. त्या फोनवर त्या जे फोटो काढत, त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला देवळात बोलतात तसं हळू बोलावंसं वाटलं. त्यांच्या खिडकीत पितळेची वीतभर बुद्धमूर्ती होती. दर पौर्णिमेला सकाळी त्या तिचा एक फोटो काढत आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेत. मूर्ती तीच, जागा तीच, उभं राहायची फरशीही तीच. भिंतीवर बारा फोटो ओळीने लावले होते. एका फोटोत ती मूर्ती नुकतीच जागी झालेली होती, एकात थकलेली, एकात तिला काहीतरी कळलेलं होतं पण ती सांगत नव्हती. मी विचारलं, हे कसं केलंत? त्या म्हणाल्या, मी काय केलं, उजेडाने केलं.

फोटो काढायला त्यांना कोणी बोलावलं की घरच्यांना आधी पस्तावा होई. आत आल्या आल्या त्या ट्यूबलाइट बंद करायच्या. भिंतीवरचं कॅलेंडर, टीव्हीवरची प्लास्टिकची फुलं, सोफ्यावरचे टॉवेल उतरवायला लावायच्या. मग दाराकडे बोट दाखवून म्हणायच्या, “नातेवाईक बाहेर थांबा.” ज्याचा फोटो काढायचा त्याला गळ्यातलं, कानातलं, मनगटावरचं सगळं काढून ठेवायला सांगायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबात नातवाचा साखरपुडा होता. भाड्याने आणलेले दोन फोटोग्राफर होते, त्यांच्या छत्र्या आणि दिवे होते. तिथल्या आजी, म्हणजे बा, बहात्तर वर्षांच्या, नखशिखांत दागिन्यांत. बाईंनी त्यांना खिडकीशी बसवलं, एकेक दागिना उतरवला आणि एक्स-रेच्या खोलीत प्रत्येक बाईला विचारतात तो प्रश्न गंभीरपणे विचारला, “पेट से तो नहीं हो?”

बा म्हणाल्या, “अब हुई, तो मेरा नहीं, डॉक्टर का फोटो निकाल.”

आणि त्या हसल्या. बाईंनी तेव्हा फोन एकदा दाबला आणि निघाल्या. त्यांचा हा प्रश्न सवयीने तोंडातून जायचा की मुद्दाम, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे त्या घरात साखरपुड्याचा जाडजूड अल्बम कपाटात गेला आणि भिंतीवर बांचा मोकळ्या गळ्याचा, दोन दातांचा फोटो लागला.

फोन एकदाच दाबायचा, हा त्यांचा नियम. एका माणसाचा एका दिवसात एकच फोटो. मी म्हटलं, बाई, फोनमध्ये कुठे फिल्म वाया जाते? तेव्हा त्यांनी मला समजावलं. एक्स-रे बिघडला की पुन्हा काढायचा, म्हणजे माणसाच्या अंगात पुन्हा किरणं. चूक आपली, शिक्षा त्याला. म्हणून त्यांच्या खात्यात ‘रिपीट’ची वेगळी वही असे. बिघडलेला प्रत्येक एक्स-रे कारणासकट लिहायचा आणि खाली सही करायची. निवृत्तीनंतरही त्यांनी तशी वही घरी ठेवली होती. त्यात स्वतःचे बिघडलेले फोटो लिहीत. “दुसरा काढता येतो म्हणलं की पहिल्याकडे नीट बघत नाही माणूस,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना आजोबांचं सगळं सांगितलं आणि येऊन एक फोटो काढा म्हणाले. त्यांनी सरळ नकार दिला.

“मी काढला तर साहेब पेशंट दिसतील. तुम्ही काढा, ताई.”

मी म्हटलं, मला येत नाही. माझ्या फोटोंत बोट तरी येतं नाहीतर डोकं तरी जातं. तुमच्या बाबाने पाठवलेला फोन मी घड्याळ म्हणूनच वापरत होते.

“शिकाल. घाई आहे का?”

“ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत.”

“मग आजपासून,” बाई म्हणाल्या.

त्यांनी माझा फोन घेतला, उलटा केला, पदराच्या टोकाने मागचं भिंग पुसलं आणि पदर माझ्या नाकासमोर धरला. त्यावर तेलाचा डाग होता. सहा महिने मी पोळ्या लाटता लाटता फोन उचलत होते आणि सगळं जग तेलातून बघत होते. मग त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी सोय बंद केली. “एक्स-रेवर पावडर लावतात का?” एवढंच म्हणाल्या. दोन बोटांनी चित्र मोठं करायला गेले तेव्हा माझ्या हातावर चापटी बसली. जवळचं हवं असेल तर जवळ जा, पाय दिलेत ना. ईरा, तुला शंका येईल म्हणून सांगते, मी तसं करून पाहिलंय. त्या बरोबर होत्या.

त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी मला फोटोच काढू दिला नाही. घरात उजेड कुठे, किती वाजता आणि कुठून येतो ते लिहून काढायला सांगितलं. असलं काम मला आवडतं, हे तुम्हाला माहीत आहे. मी पट्टीने रकाने आखले. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, मागची बाल्कनी. दर अर्ध्या तासाला एक नोंद. उजेड बघायचा म्हणजे सावली बघायची, हे बाईंनी शिकवलं. हाताचा तळवा पुढे धरायचा, बोटांची सावली हातावर कशी पडते ते पाहायचं. कडा करकरीत असतील तर थांबायचं, पुसट झाल्या की बरं. आजोबा दारातून बघायचे आणि म्हणायचे, “शाळा सुटली, तरी तुझं टाइमटेबल चालूच.”

आमचं घर तुम्ही पाहिलंय, अंधारं आहे. समोरची इमारत हातभर अंतरावर. मी त्या घरात बावीस वर्षं राहिले आणि मला वाटायचं आपल्याकडे उजेड येतच नाही. तक्त्यात निघालं ते असं. सकाळी पावणेदहाला ऊन समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवर पडतं आणि तिथून उलटून आमच्या मागच्या बाल्कनीत येतं, वॉशिंग मशीनच्या शेजारी, स्टुलाएवढ्या जागेत. वीस मिनिटं राहतं. तेवढा वेळ तिथे हात धरला तर हातावर सावलीच पडत नाही, हात नुसता उजळतो. बावीस वर्षं मी त्या जागी भिजलेले कपडे पिळत होते. बाईंना तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी पावणेदहाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “साहेबांना इथं बसवा.”

पण त्याआधी त्या मला तारोडीला घेऊन गेल्या. भाईंदरहून बस धरली. किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या रांगांवर बोंबील वाळत घातले होते आणि एक पन्नाशीची कोळीण ते उलटे करत होती. बाईंनी तिला फोटो काढू का म्हणून विचारलं. मना येल न्हाय, ती हातातलं काम न थांबवता म्हणाली. बाई एका उपड्या टोपलीवर बसल्या. तास गेला, दीड तास गेला. फोन पिशवीतच. मी उन्हाने कासावीस झाले होते. शेवटी ती कोळीणच जवळ आली.

“काय गो बाय, फोटू काराचा हाय का नुसता बसाचा हाय?”

“तुमचं काम होऊ द्या.”

“माजा काम जल्मात व्हनार न्हाय.”

तेव्हा बाई उठल्या, तिला मासळीच्या रांगेच्या सावलीत दोन पावलं मागे घेतलं आणि हॉस्पिटलच्या आवाजात म्हणाल्या, श्वास घ्या. रोखा. ती खरोखर श्वास रोखून उभी राहिली, छाती पुढे, डोळे मोठे. मला वाटलं आता काढतील. बाईंनी काढला नाही. “सोडा,” त्या म्हणाल्या. त्या कोळणीचे खांदे खाली आले, कपाळ सैल झालं आणि तिने समोर पाहिलं, नुसतं पाहिलं. बाईंनी फोन दाबला.

तो फोटो मी त्या तडकलेल्या काचेत पाहिला. ती कोळीण कामात होती तशी नव्हती आणि फोटोसाठी उभी होती तशीही नव्हती. त्या दोन्हींच्या मागे जे माणूस असतं, ते त्यात होतं. तिनेही फोटो पाहिला. पदराने हात पुसून पुन्हा पाहिला आणि आम्हाला मूठभर सुके बोंबील कागदात बांधून दिले.

परतीच्या बसची वाट बघताना बाईंनी मला सांगितलं. मला वाटतं, त्यांनी ते इतर कोणाला सांगितलं नव्हतं.

“रोखा म्हणलं की माणूस घाबरतो, ताई. सगळं आवळून धरतो. मशीन तेव्हाच चालवायचं असतं. मग सोडा म्हणायचं. सोडलं की एक सेकंद त्याचा खरा चेहरा येतो. मेलो नाही, झालं एकदाचं, असा. मी तो काचेतून बघायची. जन्मभर बघितला. फुप्फुसं निघाली सगळ्यांची. चेहरा एकाचाही नाही.”

त्यांचा हात पिनेशी गेला होता. बस आली आणि त्या पुढच्या दाराने चढल्या. मी मागे बसून त्यांच्या पाठीकडे बघत होते. अर्ध्याहून अधिक आयुष्य ज्या बाईने जाड काचेआडून माणसं पाहिली, तिने काच दूर झाल्यावर पहिलं काय मागितलं असेल, तर तो एक सेकंद. असं माणूस माझ्या पायाखालच्या मजल्यावर राहत होतं आणि मी त्यांना पाण्याच्या टाकीच्या तक्रारीपुरती ओळखत होते.

आता माझी चूक लिहिते. मोठ्यांच्याही चुका लिहिलेल्या असाव्यात.

बऱ्याच विनवण्यांनी आजोबा एका सकाळी स्टुलावर बसले. उजेड होता. आदल्या रात्री मी काहीतरी केलं होतं, ते ना त्यांना माहीत होतं ना बाईंना. चेहरा गुळगुळीत करणारी ती सोय मी पुन्हा चालू केली होती. मनात म्हटलं, तेवढंच तोंड जरा बरं दिसेल. मी श्वास घ्या, रोखा, सोडा म्हटलं आणि फोटो काढला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. गाल गुलाबी, सुरकुत्या गायब, आणि त्या मऊ चेहऱ्यात वाकडं तोंड आणखीच परकं, कोणीतरी बाहेरून आणून चिकटवल्यासारखं.

“हा कोण?” त्यांनी विचारलं.

मी सेटिंगबिटिंग काहीतरी पुटपुटले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“म्हणजे तुलाही बघवत नाही.”

त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी तुमचा कॉल आला तेव्हा आतून आवाजही दिला नाही. झोपलेत असं मी तुम्हाला खोटं सांगितलं.

मी खाली बाईंकडे गेले. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ती वही काढून पुढ्यात ठेवली आणि पेन दिलं. मी तारीख लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, सेटिंग. बाईंनी वाचलं आणि वही परत माझ्याकडे सरकवली. “सेटिंग फोनचं नव्हतं, ताई.” मी ते खोडलं आणि लिहिलं, मला लाज वाटली. खाली सही केली. बाईंनी वही मिटली आणि आम्ही चहा प्यालो.

वर येऊन मी वहीत काय लिहिलं ते आजोबांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते, वाचतच राहिले.

आठ दिवसांनी मी कपडे मशीनमध्ये टाकत होते. ते आपणहून बाल्कनीत आले आणि स्टुलावर बसले. दाढी केलेली होती.

“आहे का तुझा उजेड?”

पावणेदहा वाजायला दोन मिनिटं होती. मी हात पुसले, भिंग पुसलं, ती सोय बंद आहे हे दोनदा पाहिलं. दोन पावलं पुढे गेले. “श्वास घ्या,” मी म्हटलं. घेतला. “रोखा.” रोखला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनं ऑफिस आलं, भुवया, हनुवटी, सगळं ताठ. मी त्यांच्याकडे बघत राहिले. वर्षभर मी त्यांना औषधं देत होते, घास भरवत होते, पण इतकं सरळ पाहिलं नव्हतं. सोडा म्हणायचं राहूनच गेलं. त्यांचे डोळे मोठे व्हायला लागले. शेवटी त्या वाकड्या तोंडातूनच ते म्हणाले,

“अगं, सोडू का?”

आणि हसले. तेव्हा मी फोन दाबला.

त्यांनी फोटो पाहायला खूप वेळ घेतला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मशीनमध्ये पाणी भरायचा आवाज येत होता.

“हा मी,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “पाठव त्यांना.”

पुढच्या रविवारी ते हॉलमध्ये, स्क्रीनसमोर बसले. निहार, तू विचारलंस, आजोबा, तुमचं तोंड दुखतं का? ते नाही म्हणाले. तू बरं म्हणालास आणि तुझी मातीची गाडी दाखवलीस. नंतरच्या चौदा महिन्यांत त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. तुम्हाला जे आजोबा आठवतात ते त्या चौदा महिन्यांतले आहेत.

फोटो छापून मी बाईंना दाखवायला नेला. त्यांनी सवयीने तो खिडकीकडे वर धरला, एक्स-रे आरपार बघतात तसा. कागदातून काय दिसणार? मग खाली घेऊन नीट पाहिला. “रिपीट नाही,” म्हणाल्या. इतकं मोठं शिफारसपत्र मला नोकरीतही मिळालं नव्हतं.

आजोबांनंतर वर्षभराने बाईंचे गुडघे गेले. भाचीने त्यांना चेणे गावात आपल्याकडे नेलं, आणि तिथेच गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्या वारल्या. त्यांचा फोन भाचीने दुकानात बदलून घेतला. त्यातलं कोणी काही उतरवून ठेवलं नव्हतं, म्हणून तारोडीच्या त्या बाईचा फोटो आता कुठेच नाही. बारा पौर्णिमांचे कागद ओलीने चिकटले. वही रद्दीत गेली असावी. मी विचारलं, भाचीला आठवत नव्हतं. माझा त्या वेळचा फोनही बंद पडलाय.

आजोबांचा फोटो आहे. पोस्टकार्डाएवढा, छापलेली एकच प्रत, बेडरूमच्या कपाटात वरच्या कप्प्यात. उजव्या कडेला वॉशिंग मशीनचा कोपरा आलाय, तो मला तेव्हा दिसला नव्हता. तोंड डावीकडे उतरलेलं आहे आणि ते हसतायत.

तुमची,
आजी